भेसळीचा पहिला पुरावा भावात असतो

२०११ साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, देशभरातून दुधाचे १,७९१ नमुने तपासले. त्यातले ६८.४ टक्के मानकात बसले नाहीत. २०१८ साली त्याच प्राधिकरणाने ६,४३२ नमुने तपासले, त्यात भेसळीचे निघाले १२. टक्के नव्हेत, एकूण नमुने बारा. मधल्या सात वर्षांत देशभरच्या दूधवाल्यांना उपरती झाली असं त्यांचे सख्खे नातेवाईकही म्हणणार नाहीत. फरक पडला तो प्रश्नात. पहिल्या पाहणीत फॅट किंवा एसएनएफ (फॅट सोडून दुधात उरणारे घन घटक) कमी भरलेलं दूधही 'नापास'च्याच रकान्यात गेलं होतं. दुसऱ्या पाहणीने दूध घातक आहे का, त्यात बाहेरचं काही घातलंय का आणि त्याचा कस कमी आहे का, हे तीन प्रश्न वेगळे केले. कसाच्या बाबतीत तेव्हाही सुमारे ४१ टक्के नमुने कुठे ना कुठे कमी पडलेच. आणि खरी काळजीची गोष्ट निघाली ती अफ्लाटॉक्सिन एम-१. ते ३६८ नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त होतं. हे विष बुरशी लागलेल्या चाऱ्यातून आणि पेंडेतून दुधात उतरतं. ते मुद्दाम कोणी घातलेलं नसतं.

आजही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो '६८ टक्के दूध भेसळीचं' हाच आकडा. त्याला इलाज नाही, भीतीचे पाय लांब असतात. पण अन्नातल्या फसवणुकीचा अभ्यास करणाऱ्यांनीही प्रश्न नीट न विचारता यंत्रांमागे धावावं, याला मात्र इलाज आहे, आणि माझी तक्रार तिथेच आहे.

या विषयावरचं संशोधन गेल्या पंधरा-सतरा वर्षांत अफाट वाढलं. त्याला दोन प्रकरणांनी धक्का दिला. एक २००८ चं चीनमधलं मेलामाइन प्रकरण, त्याकडे पुढे येतो. दुसरं जानेवारी २०१३ चं. आयर्लंडच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने गोमांसाच्या बर्गरची डीएनए तपासणी केली आणि त्यात घोड्याचं मांस निघालं. एका नमुन्यात तर २९ टक्के. त्यानंतर युरोपभर प्रयोगशाळांना निधी मिळाला, नियतकालिकं निघाली, परिषदा भरल्या. स्पेक्ट्रोस्कोपी, आयसोटोप, डीएनए बारकोडिंग, एनएमआर, हातात मावणारी स्कॅनर यंत्रं, आणि आता अर्थातच कृत्रिम बुद्धिमत्ता. लेखांच्या शीर्षकांवरून नुसती नजर फिरवली तरी दिसतं की बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: या पदार्थात काय मिसळलंय ते अधिक लवकर, अधिक अचूक कसं शोधायचं?

प्रश्न चुकीचा नाही. पण तो शर्यतीचा प्रश्न आहे, आणि या शर्यतीत पुढे कोण आहे हे मधाच्या गोष्टीत स्वच्छ दिसतं. ऊस, मका, ज्वारी ही पिकं हवेतला कार्बन ज्या रीतीने घेतात, ती मधमाश्या जातात त्या बहुतेक फुलझाडांच्या रीतीपेक्षा वेगळी. त्यामुळे उसाची किंवा मक्याची साखर मधात मिसळली की कार्बनच्या आयसोटोपांचं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंचं, प्रमाण बदलतं आणि चोरी पकडली जाते. ही चाचणी रूढ झाली तेव्हा व्यापाऱ्यांनी उसाला रामराम ठोकला आणि तांदळाचं सिरप धरलं. तांदूळ फुलझाडांच्याच गटातला. चाचणी आंधळी झाली. मग तांदळाच्या सिरपासाठी नव्या चाचण्या आल्या. मग त्याही चुकवणारी सिरपं आली. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने १३ ब्रँडांचा मध जर्मनीत एनएमआर या अधिक बारकाईच्या चाचणीवर तपासून घेतला, तिथे तीनच टिकले. कंपन्यांनी निष्कर्ष नाकारले. त्या वादात न पडताही त्या अहवालातली एक गोष्ट विसरता येत नाही. बाजारात सिरप विकलं जात होतं तेच मुळी 'सगळ्या चाचण्या पास' या हमीवर. म्हणजे चाचणी हा चोराला अडवणारा पहारेकरी उरला नव्हता, तो मालाचा दर्जा ठरवणारा निकष झाला होता!

या शोधाची सुरुवात कुठून झाली, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कोविडच्या वर्षी मधाचा खप वाढला होता, आणि तरी उत्तर भारतातले मधपाळ सांगत होते की आमच्या मधाला भाव मिळत नाही. मागणी चढतेय आणि उत्पादकाचा भाव पडतोय, हे गणित जुळत नव्हतं. लाखमोलाचं यंत्र चालू होण्याआधी पुरावा भावात येऊन बसला होता.

आपल्याकडच्या प्रयोगशाळांत काय चालतं? विद्यार्थी खात्रीच्या गोठ्यातून दूध आणतो. त्यात पाच, दहा, पंधरा टक्के पाणी घालतो, किंवा युरियाचं द्रावण. प्रत्येकाचा वर्णपट घेतो, संगणकाला शिकवतो आणि त्याच दुधाच्या उरलेल्या बाटल्या ओळखायला लावतो. अचूकता ९८ टक्के. शोधनिबंध छापून येतो, कधी पेटंटचा अर्जही होतो. पण दूध एका गोठ्याचं, एका हंगामाचं, आणि भेसळही स्वतः केलेली. देशी गाय, जर्सी, म्हैस, हिरवा चारा, उसाचं वाढं, वैशाख आणि श्रावण, या सगळ्यांनी दूध बदलतं. युरिया तर दुधात मुळातच थोडा असतो, म्हणून नियमातही त्याला मर्यादा घालून दिलेली आहे, शून्य म्हटलेलं नाही. बाजारातला भेसळ करणारा काही विद्यार्थ्यासारखा पाच-दहा-पंधराच्या पायऱ्यांनी जात नाही. तो डेअरीवरचं यंत्र काय बघतं, ते बघतो.

दूध घालायला लोक डेअरीवर येतात ती सकाळची वेळ डोळ्यासमोर आणा. किटली ओतली जाते, वाटीभर दूध मिल्कोमीटरच्या नळीखाली धरलं जातं, मिनिटभरात आकडे येतात: फॅट ३.४, एसएनएफ ८.२. पावती फाटते. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला बांधलेला असतो, त्याखाली पॉइंट गेले की दर कापला जातो. यातली बरीच यंत्रं दूध 'ओळखत' नाहीत. ध्वनिलहरी त्या द्रवातून कशा जातात ते मोजतात आणि त्यावरून फॅट, एसएनएफ काढतात. म्हणजे पैसे दुधाला मिळत नाहीत, आकड्याला मिळतात. मग आकडा करण्याचा धंदा उभा राहतो. पाणी घातलं की एसएनएफ उतरतो, तो चढवायला व्हे पावडर. फॅट चढवायला तेल, आणि तेल फाटू नये म्हणून फेस करणारं काहीतरी. २०२३ मध्ये श्रीगोंद्यात अन्न व औषध प्रशासनाने उघडकीला आणलेल्या प्रकरणात व्हे पावडर आणि लाइट लिक्विड पॅराफिन हे खनिज तेल, हेच दोन पदार्थ होते. व्हे म्हणजे पनीर-चीज करताना उरणारी निवळी. ती दुधातूनच आलेली, त्यामुळे ती 'परकी' म्हणून पकडणं भल्याभल्या प्रयोगशाळेलाही सोपं नाही.

चीनमध्ये याच गणिताची भीषण आवृत्ती घडली. मेलामाइन हे ताटल्या-वाट्यांचं प्लास्टिक बनवायचं रसायन. ते बाळाच्या दुधात कोण घालेल? पण दुधातली प्रथिनं मोजायची रूढ पद्धत, १८८३ सालची केल्डालची, ही प्रथिनं मोजतच नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा अंदाज बांधते. मेलामाइनच्या वजनात दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. पाणी घातलेल्या दुधात ते कालवलं की कागदावर दूध सकस. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. त्या दुधातला पदार्थ कुणा विषारी मेंदूने आकाशातून आणला नव्हता, खरेदीच्या नियमातल्या एका भोकाच्या मापाने तो निवडला गेला होता. हे एकदा लक्षात आलं की संशोधनाचा प्रश्न बदलतो. पुढचं मेलामाइन कोणतं, हे रसायनांच्या यादीत शोधण्यापेक्षा आपण कोणत्या मालाचे पैसे कोणत्या आकड्यावर देतो आणि तो आकडा स्वस्तात कसा फुगवता येईल, हे आधी तपासलं पाहिजे.

महाराष्ट्रात हे तपासायला चार कृषी विद्यापीठं आहेत, पशुविज्ञान विद्यापीठ आहे, दुग्धतंत्रज्ञानाची महाविद्यालयं आहेत. एसएनएफच्या किती पॉइंटला किती कपात झाली की पावडर घालणं परवडू लागतं? उन्हाळ्यात शीतकरण लांब असलेल्या गावांतून सोडा घातलेलं दूध जास्त येतं का? दर पडलेल्या महिन्यांत काय होतं? हे प्रश्न ना अवघड आहेत ना खर्चिक. पण यावर प्रबंध क्वचितच दिसतात, कारण त्यासाठी प्रयोगशाळा सोडून संस्थेच्या वहीपर्यंत जावं लागतं. त्या वहीत आणखी एक फसवणूक आहे, जी या अभ्यासात मोजलीच जात नाही. मिल्कोमीटर मुद्दाम कमी लावून ठेवतात, ही दूध उत्पादकांची तक्रार आंदोलनांतून वर्षानुवर्षं ऐकू येते. फसवला जाणारा तो ग्राहकच, असं गृहीत धरणाऱ्या संशोधनाला हा शेतकरी दिसत नाही. आणि ज्याचं चांगलं दूध कमी लागतं, तो पुढे काय करेल याचा अंदाज करायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

आता हळद. मला या विषयातलं अलीकडचं सर्वात चांगलं संशोधन विचाराल तर मी बांगलादेशातलं नाव घेईन, आणि ते एका यंत्राचं नाव नसेल. तिथल्या ग्रामीण भागात गरोदर बायकांच्या रक्तात शिशाचं प्रमाण जास्त निघत होतं. आसपास कारखाना नाही, पेट्रोलमधलं शिसं कधीच बंद झालेलं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेना फोर्सिथ आणि ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या आरोग्य संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी संशयितांची यादी केली: माती, कीटकनाशकं, अन्नाच्या डब्यांच्या जोडावरचं शिसं. शेवटी रक्तातल्या शिशाचे आयसोटोप जुळले ते हळदीतल्या लेड क्रोमेट या शिसं असलेल्या पिवळ्या रंगाशी. हे झालं यंत्राचं काम, आणि ते चोख झालं.

पण खरं काम त्यानंतरचं. ही मंडळी हळद पिकवणारे, पॉलिश करणारे, घाऊक व्यापारी, दळणारे अशा सगळ्यांकडे जाऊन बसली आणि विचारत राहिली: हा रंग कधीपासून, कुठल्या टप्प्यावर, कोणाच्या सांगण्यावरून? उत्तरांतून एक इतिहास निघाला. १९८० च्या दशकात मोठ्या पुरात हळद भिजली, काळवंडली. ती खपावी म्हणून पॉलिशच्या वेळी पिवळा रंग टाकायला सुरुवात झाली. पूर सरला, सवय राहिली. व्यापारी म्हणायचा, गिऱ्हाईकाला आमटी पिवळीधमक लागते. पॉलिशवाला म्हणायचा, व्यापाऱ्याला चकाकी लागते, आणि रंग टाकला की हळकुंडं कमी वेळ फिरवली तरी चालतात. हे विष आहे हे त्यातल्या अनेकांना ठाऊकच नव्हतं. ते रोज तो रंग श्वासातून घेत होते.

२०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि बांगलादेशच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते मनावर घेतले. वर्तमानपत्रांतून इशारे, बाजारात पत्रकं, ढाक्याच्या घाऊक बाजारात क्ष-किरणांनी शिसं ओळखणारं हातातलं एक्सआरएफ यंत्र घेऊन छापा, फिरत्या न्यायालयात दोन व्यापाऱ्यांना दंड. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं, २०२१ मध्ये शून्य. पॉलिश करणाऱ्यांच्या रक्तातलं शिसंही उतरलं. अन्नभेसळीच्या इतिहासात इतकी झटपट शुद्धी फार थोड्या ठिकाणी झाली असेल. यंत्र होतं, पण ते कोणत्या गल्लीत, कोणत्या टप्प्यावर न्यायचं, हे माणसांशी बोलून ठरलं होतं.

यातून सांगलीच्या हळदीवर शिंतोडे उडवायचे नाहीत. २०२४ मध्ये याच गटाने दक्षिण आशियातल्या २३ शहरांतली हळद तपासली, त्यात चिंताजनक आकडे पाटणा, कराची, पेशावर अशा ठिकाणचे होते. पण सांगलीच्या सौद्यांत काय किंवा वसमतच्या मोंढ्यात काय, ढिगातलं हळकुंड हातात घेऊन, मोडून, रंग बघूनच बोली लागते. रंगाला पैसा आहे तिथे रंगाचा मोह आहे. वसमतला हळदीसाठी खास संशोधन केंद्र आहे. वाणांवर आणि कुरकुमीन या हळदीतल्या पिवळ्या घटकावर तिथे काम होईलच, पण पॉलिशच्या ड्रमपाशी काय घडतं आणि कुणाच्या मागणीवरून, याचीही एक नोंद त्या केंद्राने ठेवायला हरकत काय?

हापूसचं प्रकरण तर यंत्रवाल्यांची परीक्षाच घेणारं आहे. कोकणच्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तरी कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत जातोच. डीएनए चाचणी करू म्हणाल तर हापूस कलमावर वाढतो. तेच कलम कर्नाटकात लावलं की झाडाचा डीएनए तोच. फरक पडलाच तर जांभ्या मातीतून आणि पाण्यातून फळात उतरलेल्या सूक्ष्म घटकांत पडेल, आणि ते मोजायचं तर आधी कोकणातल्या शेकडो बागांचे खात्रीचे नमुने वर्षानुवर्षं जमवावे लागतील. देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने २०२५ पासून प्रत्येक फळाला क्रमांकाचा शिक्का चिकटवायला सुरुवात केली. तोही बनावट होऊ शकतो, पण बागायतदाराला त्याच्या झाडांच्या हिशेबाने मोजकेच शिक्के मिळतात, ही त्यातली खरी गोम. इथे माल मोजून दिला जातोय. ब्लॉकचेनच्या, म्हणजे नोंदींच्या डिजिटल साखळीच्या, जाहिरातींपेक्षा मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं. ब्लॉकचेनमध्ये नोंद खोडता येत नाही हे खरं, पण पहिली नोंदच खोटी केली तर ती खोटीच अजरामर होते.

आणि काही वेळा तर मोजायलाही काही लागत नाही. किलोभर पनीर करायला म्हशीचं साधारण पाच लिटर दूध लागतं. दूध ५० रुपये लिटर धरलं तरी नुसतं दूधच २५० रुपयांचं. त्यावर इंधन, मजुरी, गाडीभाडं. आता हॉटेलवाल्याला कोणी २०० रुपये किलोने 'पनीर' आणून देत असेल, तर ते अस्सल नाही हे समजायला पिष्ट ओळखणाऱ्या आयोडीनचा थेंबही नको. २०२५ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात बनावट पनीरवरून विधानसभेत गदारोळ झाला, मग छापे, मग नमुने. कायद्याने नमुन्याचा अहवाल चौदा दिवसांत यायचा असतो. तोवर ते पनीर कुणाच्या तरी लग्नात बटर मसाल्यातून पोटात गेलेलं असतं. चीज अ‍ॅनालॉग म्हणजे दुधातल्या फॅटऐवजी पाम तेलासारखं वनस्पती तेल वापरून केलेला पदार्थ विकायला बंदी नाही, तो पनीर म्हणून विकायला आहे. मग अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने हॉटेलातली पहिली वस्तू कोणती मागावी? माझ्या मते खरेदीचं बिल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, यंत्रांशिवाय घोड्याचं मांस सापडलं असतं का? नसतं. कोर्टात उभा राहतो तो अहवाल, भावाचा संशय नव्हे. माझं म्हणणं यंत्रं मोडीत काढा असं नाहीच. २०१३ च्या प्रकरणानंतर ब्रिटनमध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाचे ख्रिस एलियट यांनी जो अहवाल दिला, त्यात प्रयोगशाळांइतकाच भर गुप्त माहिती, हिशेब आणि गुन्हे तपासावर होता. नेदरलँड्सच्या वाखेनिंगेनमधल्या अभ्यासकांनी तर गुन्हेशास्त्रातली चौकट घेतली: संधी किती, मोह किती, पहारा किती. या दिशेने जगभर वाट रुळतेय. आपल्याकडे मात्र विद्यापीठ अनुदान, पदोन्नती आणि शोधनिबंधांची मोजदाद हे सगळं पट्टी बुडवा, रंग बदलतो का बघा, याच घाटाचं राहिलं आहे.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. भेसळ करणाऱ्याची कारणं कसली शोधता, जन्मठेप द्या. कायद्यात तशी तरतूद आहेच. घातक अन्नाने कोणी दगावलं तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण आपल्या यंत्रणेत बहुसंख्य प्रकरणं 'कमी दर्जा' आणि 'लेबलातला दोष' या रकान्यांत जातात आणि दंडावर मिटतात. मुद्दाम केलेली फसवणूक आणि निष्काळजीपणा एकाच बेरजेत बसतात. २०११ च्या दुधासारखंच. जो गुन्हा वेगळा मोजलाच जात नाही, त्याला कडक शिक्षा कुठल्या कलमाखाली देणार? बांगलादेशात दंड झाले ते कारणं शोधून झाल्यावर, आणि म्हणूनच ते बरोबर माणसांना झाले.

तेव्हा एक साधी मागणी. अन्न व औषध प्रशासनाच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यांपुढे राज्यभर प्रकरणं चालतात. त्यांच्या कागदांत माल कोणी कोणाकडून घेतला, किती घेतला, बिल होतं की नव्हतं, दर काय होता, याचा बराच ऐवज पडून असतो. नावं काढून हे आदेश अभ्यासकांना खुले करावेत आणि त्यांच्या शेजारी त्या-त्या महिन्याचे दुधाचे, पाम तेलाचे, व्हे पावडरीचे घाऊक भाव मांडावेत. एखाद्या विद्यापीठातल्या अर्थशास्त्र आणि अन्नतंत्रज्ञान या दोन विभागांनी मिळून दोन विद्यार्थी वर्षभर या कामाला लावले, तर खर्च एका स्पेक्ट्रोमीटरच्या वार्षिक देखभालीहून जास्त येणार नाही. अट एवढीच, की त्यातल्या एका विद्यार्थ्याने आठवड्यातले दोन दिवस तरी मार्केट यार्डात आणि दूध संकलन केंद्रावर काढावेत, आणि विभागप्रमुखांनी त्या दिवसांची हजेरी लावावी.